नकाराची सही घेतली, म्हणजे जबाबदारी संपली का?

प्रश्न असा आला आहे: रुग्ण दवाखान्यात यायला तयार नव्हता. अँब्युलन्सच्या पथकाने बीपी आणि पल्स बघितली, नकाराच्या फॉर्मवर सही घेतली आणि पथक परतलं. काही तासांनी त्याच घरातून पुन्हा कॉल आला, तोवर रुग्ण दगावला होता. सही हातात आहे, तरी पथकाची जबाबदारी उरते का?

उरते. सहीने ती कमी होत नाही. जाणत्या प्रौढ माणसाला उपचार नाकारण्याचा हक्क आहे. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९१४ साली शस्त्रक्रियेच्या एका खटल्यात तो स्पष्टपणे मांडला आणि पुढे अनेक देशांच्या कायद्यांत तो या ना त्या रूपात आला. पण हा हक्क वापरायला माणसाचं डोकं ठिकाणावर हवं, धोका काय आहे ते त्याला कळलेलं हवं आणि निर्णय त्याचा स्वतःचा हवा. या तिन्ही गोष्टी पडताळून पाहणं हे पथकाचं काम. त्या पडताळल्या असतील तर सही नसली तरी नकार टिकतो. पडताळल्या नसतील तर चार साक्षीदारांच्या सह्याही उपयोगी पडत नाहीत. चौकशीत फॉर्म बाजूला ठेवला जातो आणि विचारलं जातं, श्वास मोजला होता का, शुगर किती होती, रुग्णाला नेमक्या कोणत्या शब्दांत काय सांगितलं?

म्हणून नकाराच्या कॉलला रुग्ण नेण्याच्या कॉलपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि लागायलाच हवा. नेलेल्या रुग्णाला पुढे डॉक्टर बघणार असतात. घरी सोडलेल्या रुग्णाला बघणारे शेवटचे तुम्हीच असता.

नकार बहुतेक वेळा दारातच ऐकू येतो: “मला काही झालेलं नाही, यांनीच उगाच फोन केला.” इथे फॉर्म काढायचा नाही. “ठीक आहे, तुम्हाला जबरदस्तीने कुठे नेणार नाही. आलोच आहोत तर तपासून घेऊ का?” एवढं म्हटलं तर पुष्कळ लोक हात पुढे करतात. न्यायला नकार आणि तपासायला नकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकदम स्वीकारू नयेत.

तपासणी पूर्ण हवी: शुद्धीची पातळी, श्वासाची गती, पल्स, बीपी, ऑक्सिजन, तापमान, शुगर, डोळ्यांच्या बाहुल्या. छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणं, चक्कर, घेरी, दम लागणं, विनाकारण घाम यांपैकी काहीही असेल तर बारा लीडचा ईसीजी. आणि हे सगळं एकदाच नाही, १० ते १५ मिनिटांच्या अंतराने दोनदा. एका आकड्यावरून रुग्ण कसा आहे ते कळतं, कुठल्या दिशेला चाललाय ते कळत नाही. पल्स ९६ वरून ११२ वर गेली तर ती माहिती फक्त दुसऱ्या मोजणीतून मिळते.

श्वासाच्या गतीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण सर्वात जास्त वेळा न मोजता लिहिला जाणारा आकडा तोच. एखाद्या सेवेच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक रुग्ण मिनिटाला १६ किंवा १८ श्वास घेत असेल, तर कोणीच मोजत नाही हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. प्रौढांचं सामान्य प्रमाण १२ ते २०. मिनिटाला २५ च्या पुढे गेलेला श्वास हा रक्तातल्या जंतुसंसर्गाचा, फुप्फुसातल्या गुठळीचा किंवा शरीरात आम्ल वाढल्याचा पहिला इशारा असू शकतो, आणि तेव्हा बीपी अगदी व्यवस्थित असू शकतं. मनगट पल्ससाठी धरल्यासारखं धरून ठेवायचं आणि छातीकडे बघून पूर्ण एक मिनिट मोजायचं. मोजतोय हे कळलं की माणूस श्वास बदलतो.

दुसरी सवय: पल्सला वरच्या बीपीने भागायचं. निरोगी माणसात उत्तर साधारण ०.५ ते ०.७ येतं. ०.९ च्या वर गेलं तर आत कुठे रक्तस्राव, संसर्ग किंवा पाण्याची मोठी कमतरता आहे का, हे शोधायलाच हवं. पल्स ११० आणि बीपी ११०, हे दोन आकडे सुटे वाचले तर फारसे भीतीदायक वाटत नाहीत. एकत्र वाचले तर हा रुग्ण घरी सोडण्यासारखा नाही. वयस्क माणूस पडला असेल तर निघण्याआधी त्याला उठवून चार पावलं चालायला लावा. खुर्चीत बसून “मी ठीक आहे” म्हणणाऱ्याच्या खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं.

काही जण हातही लावू देत नाहीत. तरीही डोळ्यांना दिसणारं पुष्कळ असतं: पूर्ण वाक्य एका दमात बोलतो का, त्वचेचा रंग, घाम, तोंडाचा कोपरा, चाल, कपड्यांवर रक्त किंवा उलटी. ते लिहायचं, आणि “तपासणीला नकार” हेही वेगळं लिहायचं.

आता निर्णयक्षमता. नाव, जागा, वार आणि काय घडलं हे चार प्रश्न बरोबर आले की रुग्ण शुद्धीत आणि म्हणून नकार वैध, अशी समजूत खूप पसरलेली आहे. ती अपुरी आहे. या चार प्रश्नांतून स्मरण आणि भान कळतं. निर्णय घेता येतो की नाही हे कळत नाही. अपेलबॉम आणि ग्रिसो यांनी १९८८ साली मांडलेली चौकट आजही सर्वात उपयोगी आहे: माहिती समजणं, ती स्वतःला लागू आहे हे मानणं, पर्याय तोलणं आणि निवड सांगता येणं. इंग्लंड आणि वेल्सच्या २००५ च्या कायद्यात जवळपास हेच आहे, त्यात माहिती निर्णय होईपर्यंत लक्षात ठेवता येण्याची जोड आहे.

घरात हे तपासायला तीन प्रश्न पुरतात. “मी आत्ता काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा.” “तुम्ही आला नाहीत तर तुमच्या बाबतीत काय होऊ शकतं?” “मग का यायचं नाही?” तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला पटलं पाहिजे असं नाही. त्या उत्तराचा पहिल्या दोन उत्तरांशी काही संबंध दिसला पाहिजे. “हृदयाचा झटका असू शकतो, मरूही शकतो, पण मला आता आणखी दवाखाने नकोत” हा नकार वैध आहे, कितीही त्रास झाला तरी. “तुम्ही सांगता ते बरोबर असेल, पण मला कधी काही होत नाही” इथे दुसरी पायरी निसटली आहे. अजून बोलायला हवं.

दारूच्या वासावरून कोणी आपोआप अक्षम ठरत नाही. उलट धोकाही तितकाच मोठा आहे: दारूच्या वासाआड कमी शुगर, डोक्यातला रक्तस्राव आणि फिट (आकडी) येऊन गेल्यानंतरची ग्लानी लपते. “प्यायलेला आहे” हे निदान शेवटी करायचं, शुगर मोजून आणि डोकं चाचपून झाल्यावर.

या विषयावर जुना वाद आहे. धोका जितका मोठा, तितकी निर्णयक्षमतेची कसोटी कडक करावी, असं एक मत. दुसरं मत म्हणतं, असं केलं तर आपल्याशी असहमत होणारा प्रत्येक गंभीर रुग्ण आपण अक्षम ठरवू. मला दुसऱ्या मतातली भीती खरी वाटते. कसोटी सर्वांना एकच ठेवावी, पण धोका वाढेल तशी आपली खात्री वाढवावी: जास्त वेळ बसावं, दुसऱ्यांदा विचारावं, डॉक्टरांना फोनवर घ्यावं. ओझं आपल्यावर वाढावं, रुग्णावर नाही.

काही रुग्णांच्या बाबतीत नकार ऐकून लगेच सावध व्हायचं. कमी शुगरचा रुग्ण त्यात पहिला. शुगर ७० मिलिग्रॅमच्या खाली, रुग्ण ग्लानीत. शिरेतून १० टक्के डेक्स्ट्रोज १०० ते १५० मिली दिलं, म्हणजे १० ते १५ ग्रॅम साखर गेली. दहा मिनिटांत माणूस उठून बसला आणि “आता तुम्ही जा” म्हणाला. शिरेतली साखर फार वेळ टिकत नाही. इन्सुलिन घेतलेलं, जेवण चुकलेलं, म्हणजे कारण उघड. आता पूर्ण भानावर. १५ मिनिटांनी पुन्हा मोजलेली शुगर १०० च्या वर. समोर बसून पोटभर खाल्लं. पुढचे काही तास सोबत जाणतं माणूस आणि घरात ग्लुकोमीटर. हे सगळं जमलं तर घरी ठेवण्याचा विचार होऊ शकतो. पण मधुमेहाची सल्फोनिलयुरिया गटातली गोळी चालू असेल (ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड) तर गणित बदलतं. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावत राहते. वय झालेलं असेल किंवा मूत्रपिंडं कमजोर असतील तर परिणाम एक दिवसाहूनही लांबू शकतो. रुग्ण रात्री झोपेत पुन्हा खाली जातो आणि झोपलेल्या माणसाला कोणी उठवत नाही. म्हणून औषधांची पिशवी बघितल्याशिवाय नकाराची गोष्टच काढू नये. कारण न सापडलेली कमी शुगर, सोबत ताप किंवा उलट्या, दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनचा जास्त डोस, आत्मघाताची शंका, घरात एकटा माणूस: यांपैकी काहीही असेल तर न्यायलाच हवं, म्हणून पटवायचं.

अफूजन्य औषधांच्या अतिमात्रेत नकाराची बीजं आपणच पेरतो. नॅलॉक्सोन हा त्यावरचा उतारा, पण त्याचा परिणाम साधारण ३० ते ९० मिनिटं टिकतो. मेथाडोनसारख्या अफूजन्य औषधाचा त्याहून खूप जास्त. एकदम मोठा डोस दिला की रुग्ण खडबडून जागा होतो, अंग मोडून येतं, उलट्या होतात आणि तो तडक बाहेर पडतो. तासाभराने श्वास पुन्हा मंदावतो. आधी मास्क-बॅगने श्वास द्या, मग शिरेतून ०.०४ ते ०.१ मिलिग्रॅमच्या छोट्या मात्रा दोन-तीन मिनिटांनी द्या, आणि श्वास मिनिटाला १०-१२ झाला की थांबा. त्याला पूर्ण जागं करायची गरज नसते.

डोक्याला मार आणि रक्त पातळ करणारी गोळी हे एकत्र आलं तर पहिल्या तासातलं चांगलं बोलणं-चालणं काहीच सिद्ध करत नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस ताप असेल तर ते बाळ हसतंय म्हणून सोडू नये. एकाच घरात सगळ्यांचं डोकं दुखत असेल आणि शेगडी, गिझर किंवा जनरेटर बंद जागेत चालू असेल, तर कार्बन मोनॉक्साइडचा विचार करा. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर तेव्हा ९८-९९ दाखवत राहतो. अशा वेळी आधी सगळ्यांना बाहेर काढायचं, मग चर्चा.

आणि छातीत दुखणं. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे झटका नाही असं होत नाही. मधुमेही, वयस्क माणसं आणि स्त्रिया यांच्यात दुखण्याऐवजी नुसता दम, थकवा, मळमळ किंवा घाम असू शकतो. पथकातल्या कोणीतरी “ईसीजी नॉर्मल आहे” असं मोठ्याने म्हटलं आणि रुग्णाने त्याच क्षणी न यायचं ठरवलं, हे वारंवार घडतं. वाक्य पूर्ण म्हणावं: “या पट्टीवर आत्ता काही दिसत नाही, पण यावरून झटका नाही असं सांगता येत नाही. रक्ततपासणी लागेल, ती इथे होत नाही.”

माहिती द्यायची म्हणजे अशी. “धोका आहे” या शब्दांना वजन नसतं. “मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, उद्या सकाळी उठता न येण्याइतका” हे कळतं. मृत्यूची शक्यता असेल तर मृत्यू हा शब्द उच्चारायचा. रुग्णाची भाषा वेगळी असेल तर दुभाषा लागतो, आणि तो घरातला लहान मुलगा नसावा.

मग कारण विचारायचं, कारण बहुतेक नकारांच्या मागे आजाराशी संबंध नसलेली अडचण असते. खर्चाची भीती. मुलांना कोण बघणार. मागच्या वेळी दवाखान्यात झालेला अपमान. घर उघडं राहील. शेजारणीला बोलावलं, बहिणीला फोन लावून दिला, कुलूप लावून किल्ली हातात दिली, की निम्मे नकार तिथेच विरघळतात. सक्ती न करता मन वळवण्याची कला हा या पेशातला उपचारच आहे, आणि प्रशिक्षणात तिला मिळणारा वेळ लाजिरवाणा कमी असतो.

निर्णय रुग्णाचाच हवा. शुद्धीतल्या प्रौढ माणसाच्या वतीने नवरा, मुलगा किंवा सासू नकार देऊ शकत नाहीत, कितीही ठाम बोलले तरी. एकदा तरी रुग्णाशी एकट्याने बोला. “ईसीजी लावायचा आहे, जरा बाहेर थांबता का” हे निमित्त पुरतं. जखम आणि सांगितलेली कथा जुळत नसेल, किंवा प्रत्येक उत्तराआधी रुग्ण दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत असेल, तर तो नकार स्वतःचा नाही.

आणि आता सर्वात अवघड भाग: नकार पथकानेच घडवलेला असतो तेव्हा. “दवाखान्यात तासन्‌तास बसवून ठेवतील.” “तसं इमर्जन्सी काही वाटत नाही.” “यायचंय का मग?” शिफ्ट संपायला वीस मिनिटं असताना विचारलेला असा प्रश्न हा प्रश्न नसतोच. रुग्णाला इशारा कळतो आणि तो सौजन्याने नाही म्हणतो. कागदावर मात्र ‘रुग्णाचा नकार’ उमटतो. मी याला अप्रामाणिकपणा म्हणतो.

यावर उत्तर येतं की प्रत्येकाला नेण्याची गरज नसतेच. भरलेल्या वॉर्डांत वयस्क माणूस गोंधळून जातो, संसर्ग घेऊन परततो, आणि अँब्युलन्स अडकून पडते. हे खरं आहे. काही ठिकाणी जास्त प्रशिक्षण घेतलेले पॅरामेडिक (अँब्युलन्सवरचे आरोग्यकर्मी) ठरलेल्या निकषांनी घरीच उपचार करून पुढे डॉक्टरांकडे पाठवतात, आणि ही पद्धत चांगली चालू शकते. पण तो पथकाचा वैद्यकीय निर्णय आहे. त्याला निकष हवेत, डॉक्टरांची देखरेख हवी, पुढच्या भेटीची सोय हवी आणि खाली निर्णय घेणाऱ्याचं नाव हवं. तोच निर्णय नकाराच्या फॉर्ममागे दडवला की धोका रुग्णाच्या माथी जातो, आणि सेवेलाही आपले निर्णय बरोबर होते की चूक हे कधीच कळत नाही. दोन्हींचे फॉर्म वेगळे असलेच पाहिजेत.

दुसऱ्या टोकाला तो रुग्ण, जो अक्षम आहे आणि तरी नाही म्हणतोय. आधी कारण शोधा: ऑक्सिजन, शुगर, ताप, डोक्याचा मार, औषध किंवा दारू सुटल्याची लक्षणं. शांत आवाजात बोलणारा एकच माणूस ठेवा. कायद्याने परवानगी कोणाची लागते ते आपापल्या सेवेच्या नियमांत बघून ठेवा, ऐनवेळी नाही. धरावं लागलंच तर पालथं कधीच नाही, पाठीवर किंवा छातीवर वजन नाही. उताणं किंवा कुशीवर, आणि त्या क्षणापासून श्वासावर एका माणसाची अखंड नजर, शक्य असेल तर कार्बन डायऑक्साइडचा मॉनिटरही. अमेरिकेतल्या ऑरोरा शहरात २०१९ साली पोलिसांनी धरून ठेवलेल्या २३ वर्षांच्या तरुणाला पॅरामेडिकनी ५०० मिलिग्रॅम केटामाइन हे गुंगीचं औषध दिलं. स्नायूत किलोमागे ५ मिलिग्रॅम या हिशेबाने तो १०० किलोच्या माणसाचा डोस. तरुणाचं वजन ६५ किलोच्या आसपास होतं. तो वाचला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दोन पॅरामेडिक गुन्हेगारी निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल दोषी ठरले.

या निकालाने पेशात मोठी खळबळ उडाली; उपचारातल्या चुकीला तुरुंग, मग कोण या कामाला येईल, असं अनेकांनी म्हटलं. ती चिंता मला समजते. पण सरकारी पक्षाचा मुख्य आरोप औषधाच्या दुष्परिणामाचा नव्हता. रुग्णाला नीट तपासलं नाही, त्याच्याशी बोलले नाहीत आणि नंतर लक्ष ठेवलं नाही, हा होता. शामक औषध वैद्यकीय कारणासाठी, वजन बघून, स्वतः तपासून द्यायचं. पोलिसांनी सांगितलं हे कारण होत नाही.

डॉक्टरांना फोन केव्हा? वर सांगितलेल्या प्रत्येक रुग्णाच्या नकारात, निर्णयक्षमतेची शंका असताना आणि तुमचं मन खात असताना. आधी आकडे सांगा, मग गोष्ट, आणि शेवटी फोन रुग्णाच्या हातात द्या. पथकाला नाही म्हणणारे कित्येक जण डॉक्टरांचा आवाज ऐकून तयार होतात.

रिपोर्टमध्ये “रुग्ण व नातेवाईकांचा नकार, सही घेतली” एवढंच असेल तर तो काहीच सांगत नाही. असा लिहावा: “२१:१० आणि २१:२५ ला तपासणी, आकडे वर नोंदवले. हृदयविकाराचा झटका आणि मृत्यूची शक्यता सांगितली. रुग्णाने स्वतःच्या शब्दांत सांगितलं: ‘हार्ट अटॅक असू शकतो, जीव जाऊ शकतो, पण आज मुलीला एकटीला ठेवून येणार नाही.’ मुलीसाठी शेजारी थांबण्याची सोय सुचवली, नाकारली. २१:३२ ला डॉक्टर रुग्णाशी फोनवर बोलले. छातीत पुन्हा दुखणं, दम, घाम आल्यास लगेच फोन करण्यास सांगितलं. भाऊ हजर, रात्रभर थांबणार.” सही नाकारली तर “सही नाकारली” लिहा आणि पथकाबाहेरचा साक्षीदार घ्या. नंतर काही आठवलं तर ‘उशिराची नोंद’ म्हणून वेळेसकट जोडा. जुनी ओळ खोडून बदलू नका.

निघताना धोक्याची लक्षणं मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून द्या, फोन चार्ज आहे का बघा, आणि “पुन्हा फोन केलात तर कोणी रागावणार नाही” हे मुद्दाम म्हणा. नकार दिल्यावर दुसऱ्यांदा फोन करायला लोक ओशाळतात आणि त्यात जीवघेणा उशीर होतो.

सेवा चालवणाऱ्यांसाठीही दोन गोष्टी. कॉल किती मिनिटांत मिटवला यावर पथकाचं मूल्यमापन केलंत तर नकार वाढतील आणि तपासणी आखूड होईल. आणि नकारानंतर ७२ तासांत त्याच पत्त्यावरून पुन्हा कॉल आला असेल, तर ते प्रत्येक प्रकरण डॉक्टरांनी उघडून वाचावं, पथकाला बोलावून, शिक्षेचा सूर न लावता. दुसऱ्या कॉलला जाणाऱ्या पथकाने पहिल्याचा निष्कर्ष सोबत नेऊ नये. आकडे न्यावेत, तुलनेसाठी. त्याच दिवशी रुग्ण दुसऱ्यांदाही नाही म्हणाला, तर डॉक्टरांना फोनवर घेतल्याशिवाय तिथून निघू नये.